जर्मनीला निघालेल्या लेकरांना रोजची जर्मन मराठीतून शिकू द्या

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रोजच्या वापरातील जर्मन वाक्ये मराठीतून देण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर गेल्या काही महिन्यांत जर्मनीतील उच्च शिक्षणासंबंधी बराच उपयुक्त मजकूर आला. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सप्टेंबर २०२४ पासून बँकेच्या राखीव (ब्लॉक्ड) खात्यात वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो दाखवावे लागतात, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस या शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन केंद्राचे प्रमाणपत्र काढावे लागते, हे आता लातूर, नांदेड, परभणीकडच्या पालकांनाही तोंडपाठ झाले आहे. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे; २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांच्या पुढे गेली होती. परंतु विमानातून उतरल्यानंतर या लेकरांनी घरमालकिणीशी, दुकानाच्या गल्ल्यावर, नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी आणि डॉक्टरांपुढे काय बोलायचे आणि समोरून आलेले उत्तर कसे समजून घ्यायचे, याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. त्यासाठी हे पत्र आहे. ते लांबले आहे याची जाणीव आहे, पण विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

मी अंबाजोगाईची रहिवासी असून जिल्हा परिषदेच्या प्रशालेत एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले. माझी मुलगी ऑक्टोबर २०२२ च्या सत्रासाठी जर्मनीला गेली. तिचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असल्यामुळे प्रवेशासाठी जर्मनची अट नव्हती. तरीही पुण्यात राहून तिने चार महिन्यांचा वर्ग केला आणि ए-वन ही पहिल्या पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण केली. वर्गातले सगळे शिकवणे इंग्रजीतून होते. मूळ जर्मन वाक्य, शेजारी त्याचा इंग्रजी अर्थ आणि खाली इंग्रजी अक्षरांत उच्चार अशी तिची वही होती, आणि सुट्टीत गावी आली की ओसरीवर बसून ती वही घोकत असे. मी शेजारी भाजी निवडत ऐकत असे. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती राहायला खोली शोधत होती. एका घरमालकीणबाईंनी फोनवर तिला ‘कॉमन झी उम हाल्प ड्राय’ असे सांगितले, म्हणजे ‘हाल्प ड्राय’ वाजता या. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा आणि ‘ड्राय’ म्हणजे तीन हे तिला येत होते. इंग्रजी घड्याळाच्या सवयीने तिने त्याचे साडेतीन केले आणि कागदपत्रांची फाईल छातीशी धरून ती तीन पंचवीसला दारात उभी राहिली. बाईंनी दार उघडले, मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट टेकवले आणि मान आतल्या बाजूला वळवली. आत दुसरा एक मुलगा टेबलापाशी बसून करारावर सही करत होता. इकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. देवापुढे दिवा लावून मी उठत होते, तोच तिचा फोन आला. “आई, मी साडेतीनच समजले गं. त्या म्हणतात, हाल्प ड्राय म्हणजे अडीच. अर्धा आणि तीन म्हणजे अडीच कसं होईल?”

तिच्या या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिले असेल. आपला ‘अडीच’ हा शब्द मुळात संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’चा प्राकृतातून घासत आलेला अवशेष आहे. दोन पुरे झाले आणि तिसरा अर्धा भरला, म्हणून अर्धतृतीय, म्हणून अडीच. जर्मन माणूस घड्याळाकडे बघून हेच म्हणतो : दोन तास होऊन गेले, तिसरा अर्धा झाला, ‘हाल्प ड्राय’. पुढच्या तासाचे नाव घेऊन वेळ सांगण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. ‘पावणेचार’ म्हणताना आपणही चारचेच नाव घेतो. ‘हाल्प फिअर’ म्हणजे चाराकडे निघालेला अर्धा तास, अर्थात साडेतीन. हे एवढे मराठीतून कुणी तिला सांगितले असते, तर ती कधीही विसरली नसती. खोली गेली याचे दुःख होतेच, पण मला जास्त लागले ते हे, की किल्ली घरात होती आणि आम्ही लेकराला शेजारच्या घरातली किल्ली देऊन पाठवले.

त्या रात्री तिच्या वहीच्या पानांची छायाचित्रे मागवून घेतली आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी जर्मन शिकू लागले. आज संध्याकाळी केज, परळी आणि रेणापूरकडची पाच-सहा मुले माझ्याकडे येतात. त्यांना मी परीक्षेसाठी तयार करत नाही, तो अधिकारही माझा नाही. फक्त पहिल्या दोन-तीन महिन्यांत तोंडी लागणारी वाक्ये मराठीच्या आधाराने बसवून घेते. या चार वर्षांत जे लक्षात आले ते असे, की रोजच्या बोलण्यापुरते पाहिले तर जर्मनची वळणे कितीतरी ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहेत, आणि आपली मुले मात्र प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग जर्मनमध्ये आणतात. या फेऱ्यात चूक होते.

थंडीचेच उदाहरण घ्या, कारण मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या मुलाला तेथे पहिल्या महिन्यात हे वाक्य लागतेच. इंग्रजीच्या वळणाने गेलेला विद्यार्थी ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि त्याचा अर्थ होतो, मी थंड आहे, म्हणजे मायाममता नसलेला आहे. बरोबर वाक्य आहे ‘मिअर इस्ट काल्ट’. ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. मराठी माणूस ‘मला थंडी वाजते’ असेच म्हणतो. थंडी त्याच्याकडे येते, तो स्वतः थंड होत नाही. उकडत असेल तर ‘मिअर इस्ट हाइस’. तेथे ‘मिअर’च्या जागी ‘इश’ घातले तर भलताच अर्थ निघतो आणि मुलींना तर फार ओशाळे व्हावे लागते. मळमळत असेल तर ‘मिअर इस्ट श्लेश्ट’, मला बरे वाटत नाही. त्याऐवजी ‘इश बिन श्लेश्ट’ म्हटले तर ‘मी वाईट आहे’ अशी कबुली डॉक्टरांपुढे दिल्यासारखे होते. ‘मला हे आवडते’ याला ‘डास गेफेल्ट मिअर’, जेवण चवीला आवडले तर ‘डास श्मेक्ट मिअर’, आणि ‘तुमचे कसे चालले आहे’ याला ‘वी गेट एस ईनन’, शब्दशः ‘तुम्हाला कसे चालले आहे’. ज्या मुलाने सातवीत ‘स, ला, ते’ची चतुर्थी घोकली आहे, त्याला हे एका बैठकीत समजते. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला त्यासाठी तीन तासिका खर्च कराव्या लागतात, कारण त्या भाषेत ही सोय उरलेली नाही.

संख्यांचेही तसेच आहे. सत्तेचाळीसला जर्मनमध्ये ‘झीबन-उंट-फिअरत्सिश’ म्हणतात, सात आणि चाळीस. एकक आधी, दशक नंतर, अगदी आपल्या सत्तेचाळीससारखे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात मी येथे शिरत नाही. एवढेच सांगते, की एकवीस-बावीस म्हणत वाढलेल्या मुलाला जर्मन संख्या ऐकताना उलटीपालटी करावी लागत नाही. इंग्रजीतून ऐकणारा विद्यार्थी मात्र ४७ चे ७४ लिहून घेतो, आणि फोन नंबर जोड्याजोड्यांनी सांगण्याची तेथे सर्रास पद्धत असल्याने एका नंबरात अशा चार चुका होऊ शकतात. फक्त एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास या ठिकाणी सावध राहावे. तेथे आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो. जर्मन माणूस सरळ ‘नऊ आणि चाळीस’ म्हणतो.

मान देऊन बोलण्याची रीतसुद्धा आपल्याला नव्याने शिकावी लागत नाही. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. गंमत अशी, की हा ‘झी’ मुळात ‘ते’ या अनेकवचनी सर्वनामाचाच शब्द आहे, आणि आपणही ‘गुरुजी आले, ते बसले’ असे म्हणताना एका माणसासाठी अनेकवचनच वापरतो. विद्यार्थी एकमेकांना ‘डू’ म्हणतात. प्राध्यापक, घरमालक, कार्यालयातील कर्मचारी, दुकानदार आणि अनोळखी मोठी माणसे यांच्याशी ‘झी’, आणि नावाआधी बाईंना ‘फ्राउ’, पुरुषांना ‘हेर’ लावून आडनाव. ‘तू’वर यायचे असेल तर ते मोठ्या माणसाने सुचवायचे असते, लहानाने नाही. आपल्याकडे हे कोणी शिकवत नाही, ते घरातच येते. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम असल्याने तो रस्ता धरलेली मुले प्रोफेसरांना ‘डू’ म्हणून मोकळी होतात, असे मुलीने मला सांगितले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले, कारण ही मुले घरी चुलत्यालाही एकेरी हाक मारत नाहीत. पत्राचेही तेच. प्राध्यापकांना मेल लिहिताना वर ‘झेअर गेएर्ट फ्राउ’ आणि पुढे आडनाव, खाली ‘मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन’. आपल्या ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’चे हे सख्खे भाऊ आहेत.

आता उच्चारांविषयी थोडे, कारण येथे देवनागरीचा सर्वांत मोठा उपयोग आहे. दोनला ‘त्स्वाय’ आणि दहाला ‘त्सेन’ म्हणतात. हा ‘त्स’ मराठी माणसाच्या तोंडात जन्मजात आहे : ‘चाक’, ‘चोर’, ‘चमचा’ यांतला दंत्य च म्हणजे तोच. रोमन अक्षरांतून वाचणारा मुलगा त्याचा ‘झ’ करतो. शब्दाच्या शेवटी येणारा ‘ए’ पूर्ण उच्चारायचा नसतो. सगळीकडे छापले जाणारे ‘बिटे’ (कृपया) आणि ‘डांके’ (धन्यवाद) हे त्यामुळे कानाला खटकते. ‘हट्ट’ किंवा ‘अंक’ म्हणताना शेवटी जो पुसटसा अ ऐकू येतो, तेवढाच ठेवून ‘बिट्ट’, ‘डांक’ म्हणावे. ‘अजून’ या अर्थाच्या ‘नॉख’मधला ख आपला नाही, उर्दूचा आहे, ‘खबर’ आणि ‘आखिर’ यांत तो घशातून घासून येतो तसा. मराठवाड्यात तो ऐकायला लांब जावे लागत नाही. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले, घरी मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात दख्खनी अशा तीन भाषा त्यांच्या तोंडी होत्या, आणि त्यांचा तो ख मला अजून आठवतो. ‘मी’ या अर्थाचा शब्द मी सोयीसाठी ‘इश’ लिहिते, पण त्यातला शेवटचा वर्ण ‘ह्या’ शब्द हलकेच म्हणताना जो ‘ह्य’ निघतो त्याच्या जवळचा आहे. दोन स्वर तेवढे आपल्याकडे नाहीत : एकासाठी ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवून ‘ए’ म्हणावे, दुसऱ्यासाठी ओठ ‘ऊ’सारखे ठेवून ‘ई’. पहिला नीट आला नाही तर ‘श्योन’ म्हणजे सुंदर याचे ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’ होते. दुसऱ्याचा सराव कुठल्याही दारावर करता येतो; तेथे दारावर ‘ड्र्युकन’ म्हणजे ढकला किंवा ‘त्सीअन’ म्हणजे ओढा असे लिहिलेले असते, आणि तो स्वर साधा ‘उ’ झाला की ‘ढकला’चे ‘छापा’ होते.

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे येते. माझे ठाम मत असे, की वाक्य एकटे शिकवू नये, त्याच्या उत्तरासकट शिकवावे. आपली मुले स्वतः बोलायची वाक्ये छान पाठ करतात आणि समोरच्याने तोंड उघडले की गोंधळतात. दुकानाच्या गल्ल्यावर मुलाला स्वतःला जवळजवळ काहीच बोलावे लागत नाही, ऐकावे मात्र भराभर लागते. ‘हालो’ झाल्यावर ‘झामलन झी पुंक्ट?’ म्हणजे तुम्ही खरेदीचे गुण जमा करता का. उत्तर ‘नाइन, डांक’, म्हणजे नाही, धन्यवाद. मग ‘मिट कार्ट ओडर बार?’ म्हणजे कार्डाने की रोख. मग ‘ब्राउखन झी डेन बॉन?’ म्हणजे पावती हवी का. ही तीन वाक्ये आधी कानावरून गेली असतील, तर मागे रांग उभी असताना मुलाला घाम फुटत नाही. ‘फांट’ हा शब्दही पहिल्या दिवशीच लागतो. पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की ते पैसे परत मिळतात. सोड्याची रिकामी बाटली टपरीवर परत देणाऱ्यांना हा व्यवहार कळायला अडचण नाही.

‘बिट्ट’ या एका शब्दाला शब्दकोशात ‘कृपया’ असा अर्थ दिलेला असतो आणि तेथेच घोटाळा होतो. दुकानदार तुमच्याकडे बघून ‘बिट्ट?’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘बोला, काय देऊ’ असा असतो. वस्तू हातात देताना ‘बिट्ट श्योन’ म्हणजे ‘हे घ्या’. तुम्ही आभार मानल्यावर ‘बिट्ट’ म्हणजे ‘असू द्या’. आणि ऐकू आले नाही तर ‘वी बिट्ट?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ हे शेवटचे माझ्या मते पहिल्या दिवशी शिकवण्याचे वाक्य आहे. ‘डांक’चीही एक खोच आहे. ताटात आणखी वाढू का, असे कुणी विचारले आणि नुसते ‘डांक’ म्हटले, तर तो नकार समजतात, आपण ‘पुरे’ म्हणतो तसा. हवे असेल तर ‘या, बिट्ट’ किंवा ‘या, गेर्न’ असे स्पष्ट म्हणावे; ‘या’ म्हणजे हो, ‘गेर्न’ म्हणजे आनंदाने. माझी मुलगी एका सहाध्यायीच्या घरी पहिल्याच जेवणात भुकेली उठली ती यामुळे. त्यातही आपल्याकडे पहिला आग्रह नाकारायचा आणि दुसऱ्याला हो म्हणायचे अशी रीत; तेथे दुसरा आग्रह होत नाही. हे प्रत्येक मुलाला निघण्यापूर्वी आईने सांगावे.

कार्यालयीन भाषेची मुलांना सर्वांत जास्त धास्ती असते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाकडून एक कागद आणावा लागतो, त्याचे नाव ‘व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. एवढा शब्द बघून मुले पान उलटतात. पण समास सोडवता येणाऱ्याला यात काय अवघड आहे? ‘व्होनुंग’ म्हणजे घर, ‘गेबर’ म्हणजे देणारा, ‘बेश्टेटिगुंग’ म्हणजे दाखला. घर देणाऱ्याचा दाखला, सरळ तत्पुरुष. ‘क्रांकनफेरझिशेरुंग’ म्हणजे आजारपणाचा विमा, जो तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा आहे. मी मुलांना लांब शब्द दिसला की पेन्सिलीने उभ्या रेघा मारून तो तोडायला लावते आणि विग्रह मराठीत लिहायला लावते. दहा-बारा शब्द झाले की भीती जाते. खिडकीपाशी बोलायची वाक्ये एवढीच : ‘गूटन टाग, इश हाब आइनन टेर्मीन उम त्सेन ऊर’, म्हणजे माझी दहाची वेळ ठरलेली आहे, ‘इश म्योश्ट मिश आनमेल्डन’, मला नोंदणी करायची आहे, आणि अडले की ‘इश लेर्न नॉख डॉइच, क्योनन झी बिट्ट लांगझामर श्प्रेशन?’ म्हणजे मी अजून जर्मन शिकत आहे, थोडे सावकाश बोलाल का. यातले ‘इश म्योश्ट’ फार मोलाचे आहे. पुस्तकात ‘पाहिजे’साठी ‘इश विल’ही असते, पण अनोळखी माणसाकडे ते वापरले तर हट्ट धरल्यासारखे वाटते, ‘इश म्योश्ट’मध्ये ‘मला हवे होते’ची मऊ अदब आहे.

प्रवासात शेवटपर्यंत ऐकण्याची सवय ठेवावी. फलाटाला ‘ग्लाइस’ म्हणतात, उशिराला ‘फेरश्पेटुंग’. पण ‘डेर त्सूग फेल्ट होइट आउस’ अशी घोषणा झाली, तर शेवटच्या ‘आउस’मुळे गाडी रद्द झाली असा अर्थ होतो; क्रियापदाचा एक तुकडा आधी आणि अर्थ ठरवणारा तुकडा अगदी शेवटी. मराठी माणसाला शेवटच्या शब्दापर्यंत थांबायची सवय असते, कारण आपले ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ हे वाक्याच्या टोकालाच कळते. गाडीत किंवा खाणावळीत मोकळ्या जागी बसण्यापूर्वी ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’ असे विचारावे. शाकाहारी मुलांनी ‘इस्ट डा फ्लाइश ड्रिन?’ म्हणजे यात मांस आहे का, हे पाठ करून जावे. धक्का लागला, वाट हवी असली तर ‘एंटशुल्डिगुंग’. अडचणीच्या वेळी ‘इश ब्राउख हिल्फ’, मला मदत हवी आहे. रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११० हे आकडे तर आईवडिलांनीही लिहून ठेवावेत.

एक छोटा शब्द मला फार आवडतो, तो येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘तू येणार नाहीस?’ असे कुणी विचारले आणि आपल्याला यायचे असेल, तर जर्मनमध्ये ‘या’ म्हणत नाहीत, ‘डॉख’ म्हणतात. इंग्रजीत याला धड शब्द नाही आणि त्यामुळे इंग्रजीतून शिकणारी मुले तो वर्षानुवर्षे टाळतात. मराठीत मात्र तो रोजच्या तोंडी आहे : “येणार नाहीस?” “येतो की!” त्या ‘की’मध्ये जे आहे, तेच ‘डॉख’मध्ये आहे. हे सांगितल्यावर रेणापूरच्या एका मुलाने त्याच संध्याकाळी पाच वेळा तो शब्द बरोबर वापरला.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला, तेव्हा शिकायला जाणाऱ्यांबरोबर कामाला जाणारी आपल्या भागातली मुलेही आता या भाषेच्या दारात उभी आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे इंग्रजी जेमतेम आहे. त्यांना इंग्रजीतून जर्मन शिकवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला आधी एक नदी ओलांडून दुसरीच्या काठावर यायला सांगणे होय. त्या राज्यात, दक्षिण जर्मनीच्या रीतीप्रमाणे, भेटल्यावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. देवाचे नाव घेऊन केलेला नमस्कार, आपल्या रामरामासारखा. उत्तरेकडे हांबुर्गला गेलात तर सकाळ असो की संध्याकाळ, ‘मॉइन’. (बाडेन-वुर्टेम्बर्गमधील सरकारी विद्यापीठे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे, सगळीकडे शुल्क माफ आहे असे समजून निघू नये.)

जर्मन ही पुण्या-मुंबईच्या मुलांची भाषा, आपल्याला ती कशी जमणार, असे पालक माझ्याजवळ अनेकदा बोलून दाखवतात. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते आणि त्यासाठीचा अर्ज स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिला होता, हे मी त्यांना सांगते. वेरूळच्या लेण्यांत जर्मन पाहुण्यांना त्यांच्याच भाषेत कैलास समजावून सांगणारा एक मार्गदर्शक मी स्वतः ऐकला आहे; त्याच्या बोलण्यात अडखळ नव्हती आणि पाहुणे मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, त्यांची उत्तरेही तो सहज देत होता. अशा माणसांना महाविद्यालयांनी आठवड्यातून एक तास बोलावले तर मुलांचा कान किती लवकर तयार होईल!

म्हणून आपल्या दैनिकाकडे माझी विनंती आहे, की शिक्षणविषयक पानावर आठवड्यातून एकदा पाव स्तंभाची जागा द्यावी आणि एका वेळी एकच प्रसंग घ्यावा : घरमालकाचा फोन, दुकानाचा गल्ला, नोंदणीची खिडकी, दवाखाना, प्राध्यापकांना मेल. प्रत्येक वाक्य देवनागरीत, त्याच्याखाली समोरून येणारे उत्तर, आणि मराठीतल्या कोणत्या वळणाशी ते जुळते याची एक ओळ. पाच-सात ओळींत मावेल एवढेच. आमच्या भागात जर्मनचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनाही सांगणे आहे, की परीक्षा झाल्यावर मुलांना लगेच निरोप देऊ नये. शेवटचे दोन आठवडे टेबल मांडून, एकाने कारकून आणि एकाने विद्यार्थी होऊन, हे प्रसंग प्रत्यक्ष वठवून घ्यावेत. इंग्रजी पुस्तक खुशाल वापरावे, समजावून सांगणे तेवढे मराठीत करावे. शासनाच्या करारानुसार जे प्रशिक्षण दिले जाईल, त्याचे साहित्यही मराठीतच तयार व्हावे.

माझ्या वहीत आजवर असे छत्तीस प्रसंग उतरवून झाले आहेत. त्यांचे उच्चार मुलीने आणि तिच्या एका जर्मन मैत्रिणीने फोनवर ऐकून दुरुस्त करून दिले आहेत. पहिल्या चार प्रसंगांच्या प्रती या पत्रासोबत जोडत आहे. पहिल्याच पानावर ‘हाल्प ड्राय’ आहे. त्या छापण्यास माझी पूर्ण संमती असून त्याबद्दल कोणताही मोबदला नको आहे. उरलेली वही आपण सांगाल त्या दिवशी कार्यालयात आणून देईन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड